गाठ मारलेल्या पिशव्या

चार म्हशी एकाच दावणीला बांधलेल्या, चौघींना एकच पेंड, एकच भुसा, एकाच नळाचं पाणी, आणि आजारी पडली ती एकच. या गोष्टीचा विचार मी पहिल्याच दिवशी नीट करायला हवा होता. केला नाही. मला वाटलं, मला सगळं माहीत आहे.

वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत मी जनावरांचं खाद्य तपासते. पेंड, मका, सरकी, कोंबड्यांचं खाद्य, जे येईल त्यात बुरशीचं विष आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. बुरशी डोळ्यांना दिसते, विष दिसत नाही. त्याला वास नाही, चव नाही, उकळून ते जात नाही आणि वरची बुरशी खरवडून टाकली तरी ते आत राहतंच. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आमचे हे जेवताना माझा आवाज काढून ते म्हणून दाखवतात. मी चिडले की आणखी एकदा म्हणतात.

चिडते मी पटकन. कामात तर फारच. ओलसर गोदामात भिंतीला टेकवून ठेवलेली पोती पाहिली की माझं डोकं फिरतं, समोर मालक असो नाहीतर मॅनेजर. इतक्या वर्षांत माझी एक समजूत पक्की झाली होती, ती आज लिहायला लाज वाटते. जिथे शिक्षण नाही तिथे बुरशी असते, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

आमची सोसायटी डोंबिवली पश्चिमेला आहे. खाडीच्या बाजूला टॉवर संपतात तिथे एक जुनं गाव आहे, आणि तिथल्या एक मावशी आम्हाला दूध घालतात. साठीच्या पुढच्या. रोज सकाळी रिक्षातून कॅन घेऊन येतात आणि सोसायटीत वकील असो की डॉक्टर, सगळ्यांना अगं-तुगं, अरे-तुरे करतात. त्यांच्या गावात तसंच बोलतात. कोणाला त्याचं वाईट वाटत नाही.

श्रावणातली गोष्ट. एका सकाळी मावशी दूध मापून झाल्यावरही दारातून हलल्या नाहीत.

"ताई, माजी म्हस खात नाय," त्या म्हणाल्या. "गाभन हाय. मयन्याभरात व्यानार होती. डाक्टर सांगतो, डोले पिवले झालेत, लिवर गेला. खान्यात काय आला ते बग बोलला. तू तपासतेस ना? मना तपासून दे."

त्यांच्या पदरात वर्तमानपत्राच्या तीन पुड्या होत्या. एकीत शेंगदाण्याची पेंड, एकीत मक्याचा भरडा, एकीत भुसा.

आता एखाद्या शहाण्या माणसाने त्या बाईला आधी आत बोलावून पाणी दिलं असतं. मी दारातच तासायला सुरुवात केली. "मावशी, असं मूठभर आणून काय कळणार? विष सगळ्या पोत्यात सारखं नसतं. एका कोपऱ्यात असतं, दुसऱ्यात नसतं. दहा ठिकाणचं घ्यावं लागतं. आणि पोती कुठे ठेवता? जमिनीवर? पावसाळ्यात?" त्या ऐकत होत्या. मी मुळाशी जायचं म्हणून विचारलं, "काय काय आणता आणि कुठून आणता ते सांगा." त्यांनी पेंडीचं दुकान सांगितलं, भरड्याची गिरणी सांगितली, भुसा देणारा सांगितला. मी सगळं लिहून घेतलं. माझ्या मते चौकशी पूर्ण झाली होती.

"वाचंल ना गं ती?" जाताना त्यांनी विचारलं. "माज्या हातावर वाढलेली हाय. तिची आय बालंतपनात गेली, तवा बाटलीनी दूद पाजलाय मी तिला."

मी म्हटलं, "बघू." मला तेव्हा बसची घाई होती.

तिन्ही पुड्या स्वच्छ निघाल्या. आमच्याकडे झटपट चाचणीसाठी कागदाची पट्टी असते. खाद्य दळायचं, स्पिरिटसारख्या द्रवात घुसळायचं, गाळायचं, आणि थेंब पट्टीवर टाकून थांबायचं. दोन रेघा उमटल्या तर माल चांगला. एकच उमटली तर विष आहे. म्हणजे वाईट बातमी उमटून येत नाही, चांगली बातमी यायची राहते. तिन्ही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा अगदी ठसठशीत आल्या.

मी मावशींना सांगितलं की नमुना नीट घेतलेला नाही, पुन्हा आणा, पोत्याच्या तळातलं आणा. त्यांनी आणलं. तेही स्वच्छ. यात पाच दिवस गेले. मावशी रोज दूध घालताना एकच सांगायच्या, आज एवढंसं खाल्लं, आज काहीच नाही, आज बसलीच आहे. बाकीच्या तिघी ठणठणीत, दूध देत होत्या. ही गाभण, आटलेली, दूधही देत नव्हती, आणि हीच अंथरुणाला खिळल्यासारखी झाली. मी म्हटलं, गाभण जनावर नाजूक असतं, त्याला थोडंही बाधतं. हे खोटं नाही. पण मी ते स्वतःची सुटका करून घ्यायला म्हटलं होतं.

रविवारी सकाळी मी स्वतःच गेले. पोत्यात खुपसायची लांब टोकदार नळी बरोबर घेतली. मनात सगळं भाषण तयार होतं.

मावशींचा गोठा पाहिला आणि ते भाषण माझ्या घशातच राहिलं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. वर पत्रा, त्याखाली ताडपत्री. जुनं पोतं पुढे, नवं मागे. भुशात हात घातला तर कोरडा खडखडीत. ठाणे-भिवंडी पट्ट्यात मी अशी गोदामं पाहिली आहेत जिथे अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी झाडू मारतात. इथे कोणी येणार नव्हतं, तरी हे असं. मला शरम वाटली. मी नळी खुपसून दहा ठिकाणचे नमुने घेतले, पण घेतानाच कळत होतं की यात काही सापडणार नाही.

ती म्हैस कोपऱ्यात बसलेली होती. नाकपुड्या कोरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा. मावशी तिच्या मानेखाली हात घालून बसल्या आणि तिला हिरव्या गवताची एक काडी भरवायला लागल्या. तिने तोंड फिरवलं.

मी नजर दुसरीकडे वळवली. दावणीच्या वरच्या आडव्या बांबूला खिळे मारलेले होते आणि त्या खिळ्यांना ओळीने पिशव्या लटकत होत्या. जाड प्लास्टिकच्या, घट्ट गाठ मारलेल्या, आणि प्रत्येकीवर मार्करने नंबर. नंबर मला पाठ होते. आमच्या सोसायटीतल्या फ्लॅटचे नंबर होते ते.

"मावशी, हे काय?"

"तुमच्याच ना पोल्या. मंगलवारी नि शुक्रवारी देता त्या."

"या तुम्ही म्हशींना घालता?"

"मंग कोनाला घालू?"

"अहो, मी तुम्हाला विचारलं होतं ना, काय काय घालता म्हणून! हे का नाही सांगितलंत?"

"तू काय आनते, कुठशी आनते ते इचारलास. ह्या मी कुठं आनते? ह्या तुमी देता."

मी तिथल्याच एका उपड्या बादलीवर बसले.

या पिशव्यांचं सांगायला हवं. आमच्यासारख्या घरांत पोळी टाकत नाहीत. भात टाकतील, भाजी टाकतील, पोळी मात्र कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. ती गाईला जायला हवी. आता डोंबिवलीत गाय कुठून आणायची? म्हणून सोसायटीच्या फाटकापाशी पूर्वी एक वेताची पाटी असायची. उरलेल्या पोळ्या, पावाचे तुकडे लोक त्यात ठेवायचे, वॉचमन त्या पसरून ठेवायचा, आणि मावशी जाताना न्यायच्या तेव्हा त्या पापडासारख्या कडकडीत झालेल्या असायच्या. घरबसल्या पुण्य, आणि पोळी वाया गेली नाही याचं समाधान.

ती पाटी मी बंद केली. मी कमिटीत आले आणि मला ते बघवेना. कावळे यायचे, मुंग्या व्हायच्या, एकदा तर कोणीतरी त्यात कोंबडीची हाडं टाकली. मी वॉचमनला सगळ्यांदेखत झापलं. मग नियम मीच लिहिला, लॅमिनेट करून लिफ्टजवळ मीच चिकटवला. पोळ्या जाड पिशवीत घालाव्यात, घट्ट गाठ मारावी, वर फ्लॅटचा नंबर लिहावा, मंगळवारी आणि शुक्रवारीच खाली आणाव्यात. नंबर कशासाठी, तर कोणी घाण टाकली तर मला पकडता यावं. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं होतं. एक गृहस्थ म्हणाले होते, बघा, शास्त्रीय दृष्टिकोन.

ऊन लागणारी, वारा लागणारी पोळी मी बंद पिशवीत कोंडली, पावसाळ्यात, तीन-चार दिवस. माझ्या ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं. आणि माझ्या ते डोक्यातच आलं नाही, कारण ते माझ्या लेखी खाद्य नव्हतंच. खाद्य म्हणजे पोत्यात येतं ते. हा तर घास होता. मावशींच्या लेखीही ते खाद्य नव्हतं. आम्ही दोघीही पेंडीच्या मागे लागलो होतो.

मी सगळ्या पिशव्या घेऊन आले. अकरा नंबरांच्या होत्या. दहा जणांची एक-एक, आणि आमच्या फ्लॅटच्या दोन. मला वाटलं, आपल्याकडे पोळ्या जास्त उरतात, म्हणून असेल.

उरतात हे खरंच आहे. मुलगा बंगळूरला गेल्याला दोन वर्षं झाली, तरी माझ्या हाताला अजून तिघांचीच कणीक समजते. यांनी साखर वाढल्यापासून रात्रीची पोळी बंद केलेली. रोज तीन-चार उरायच्याच. मुंग्या लागू नयेत म्हणून मी त्या गरम असतानाच पिशवीत घालून गाठ मारायची आणि वॉशिंग मशीनच्या मागच्या खिळ्याला लटकवायची. आतून पिशवीला घाम यायचा. तो मला रोज दिसायचा.

सोमवारी सकाळी मी पिशव्या प्रयोगशाळेत उघडल्या. काहींत नुसता आंबूस वास होता. काहींत पावाच्या कडेला हिरवट पिवळी पूड धरलेली. प्रत्येक पिशवीतलं वरचं, मधलं, तळाचं घेऊन दळलं, आमच्या दोन्हींतलं एकत्र, आणि अकरा पट्ट्या ओळीने मांडल्या. सात पिशव्यांवर दुसरी रेघ आली, काही ठिकाणी अगदी पुसट. तीन पिशव्यांवर आली नाही. आणि अकराव्या पट्टीवर, जिथे आमचा नंबर होता, तिथे दुसऱ्या रेघेची सावलीसुद्धा नव्हती.

मी तो द्रव पातळ केला आणि पुन्हा थेंब टाकला. रेघ नाही. आणखी पातळ केला. नाही. मी घड्याळ लावून बसले, चष्मा काढला, पुसला, पट्टी खिडकीशी नेली. मग तोच नमुना मोठ्या मशीनवर लावला. आकडा आला तेव्हा माझ्या शेजारी बसणारी मुलगी, जिला मीच हे काम शिकवलंय, वाकून स्क्रीन बघायला लागली.

"बाप रे! मॅडम, कोणाचा माल आहे हा? कुठली पार्टी? यांना तर लगेच कळवायला पाहिजे."

"माझा," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

घरच्या फ्रीजमधलं दूधही मी त्या दिवशी बाटलीत भरून नेलं होतं. म्हशीने खाल्लेलं विष दुधात उतरतं, आणि तेच दूध आम्ही सगळे पीत होतो, सोसायटीतली लहान मुलं पीत होती. त्या चाचणीची वाट बघताना मी जेवले नाही. दूध मर्यादेच्या आत निघालं. अगदी शून्य नव्हे, पण बरंच आत. मला सुटल्यासारखं झालं आणि लगेच कोडं पडलं. पिशव्यांत इतकं विष, आणि दूध इतकं बरं कसं? दूध देणाऱ्या तिघी तेच खात होत्या ना?

संध्याकाळी घरी आल्यावर लिफ्टजवळचा तो कागद मी नखांनी खरवडून काढला. लॅमिनेशन असल्यामुळे निघता निघेना. यांना सगळं सांगितलं. नेहमी माझा आवाज काढणारे हे उठले आणि वॉशिंग मशीनच्या मागची पिशवी काढून बाहेर ठेवून आले. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की पोळ्या देणं आजपासून बंद, चूक माझी आहे, कारण मीटिंगमध्ये सांगेन. मग म्हशीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "शंभर टक्के याच्यामुळेच, असं मी नाही सांगणार मॅडम. पण लिव्हर ज्या पद्धतीने गेलंय, ते जुळतंय. आता फार उशीर झालाय."

मंगळवारी मी सुट्टी टाकली आणि सकाळी गोठ्यावर गेले. कोपऱ्यातली जागा रिकामी होती. पहाटे म्हैस गेली होती, पोटातल्या रेडकासकट. गाडी येऊन घेऊनही गेली होती. मावशी ती जागा झाडूने धूत होत्या. पाणी टाकायच्या, झाडू मारायच्या, पुन्हा पाणी टाकायच्या. जागा केव्हाच स्वच्छ झाली होती.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेंडीत काही नव्हतं, भरड्यात नव्हतं, तुमचं सगळं चोख होतं. विष आमच्या पोळ्यांत होतं. पिशव्यांचा नियम माझा होता. आणि सगळ्यात जास्त विष माझ्या घरच्या पिशवीत होतं. मला वाटलं, आता या मला शिव्या देतील. द्याव्यात, असं वाटत होतं.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला.

"तुजी पिशवी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नंबर लिवलेली?"

"हो मावशी."

त्या खाली बसल्या, त्याच ओल्या जमिनीवर.

"बाकीच्यांच्या पोल्या मी निवडते गं," त्या म्हणाल्या. "येकेक हुंगून बगते. जरा हिरवा दिसला का उकिरड्यात टाकते. त्या तिगींना निवडल्याबिगर कदी घातला नाय. तुजी पिशवी कदी निवडली नाय मी. तू इषाची परीक्षा करतेस, तुज्या घरचा वाईट कसा आसंल? म्हनून तुजी येगली ठेवायची. ती कोनाला देत नव्हते मी. सगली तिलाच."